पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील तरुणबोली : घडण आणि उगम

१. प्रास्ताविक

देहू आणि आळंदी ही इंद्रायणीकाठची दोन क्षेत्रे मराठी भाषेच्या इतिहासात फार वरच्या स्थानी आहेत. त्यांच्या दक्षिणेस पवनेच्या काठी पिंपरी-चिंचवड आणि उत्तरेस चाकण असा एक मोठा औद्योगिक पट्टा गेल्या सत्तर वर्षांत उभा राहिला. ह्या पट्ट्यात काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या तरुणांचे बोलणे कानी पडले म्हणजे पुष्कळ सुशिक्षितांस विषाद वाटतो, आणि ज्ञानेश्वर-तुकारामांच्या शेजारी ही कसली मराठी वाढली, असा प्रश्न केला जातो. प्रश्न रागाने विचारला जातो एवढ्यावरून तो टाकून देण्याजोगा ठरत नाही; परंतु त्याचे उत्तर रागाने मिळणारेही नाही. त्यासाठी एकेक शब्द हाती घेऊन तो कोठून आला आणि येथे तो कोणते काम करतो, हे पाहावे लागते.

उदाहरणादाखल, पाळी सुटण्याच्या सुमारास भोसरीच्या वा चाकणच्या एखाद्या चहाच्या टपरीवर सहज ऐकू यावे असे एक बोलणे घेता येईल : ‘‘भावा, लोड घेऊ नको. फर्स्ट सुटली की टपरीवर ये, विषय मिटवून टाकू.’’ अशा बोलण्यास ‘अर्धे इंग्रजी’ म्हणून नावे ठेवली जातात. वस्तुतः ह्या बारा शब्दांत इंग्रजी शब्द दोनच आहेत. ‘विषय’ हा शुद्ध तत्सम शब्द आहे. ‘भावा’ हे ‘भाऊ’ ह्या नामाचे नियमानुसार होणारे संबोधन आहे. ‘सुटली’ हे क्रियापद स्त्रीलिंगी आहे, ते अध्याहृत राहिलेल्या ‘शिफ्ट’ ह्या शब्दामुळे. ‘मिटवून टाकणे’ ही तर मराठीच्या खास वळणाची संयुक्त क्रिया होय. म्हणजे ऐकणाऱ्यास जे बोलणे परके वाटते, त्याचा सांगाडा सर्वस्वी मराठी आहे. मग त्यातील परकेपणा नेमका कशात आहे? तो शब्दांच्या जन्मात नसून त्यांच्या उपयोगात आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. पट्टा आणि त्यातील माणसे

फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड ह्या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रीघ लागली. टेल्को १९६६ मध्ये आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. खेड तालुक्यातील चाकण हे पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. तेथे १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि मोटारधंद्याचे केंद्र हळूहळू उत्तरेकडे सरकले. महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांच्या वर गेली.

ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांची आहे. मराठवाडा, सोलापूर, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र ह्या सर्व भागांतून, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून तरुण येथे आले व येत आहेत. एकाच खोलीत लातूरचा, जळगावचा आणि सांगलीचा असे तिघे राहतात. तिघांची मराठी तीन प्रकारची असते. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही परिस्थिती फार महत्त्वाची आहे. जेथे पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिलेली माणसे बोलतात, तेथे कोण आपला आणि कोण परका हे सांगण्यासाठी शब्दांची गरज फारशी पडत नाही. येथे मात्र सर्वच परके. आणि आपलेपणा रोज नव्याने प्रस्थापित करावा लागतो.

३. तीन गोष्टींतील भेद

ह्या तरुणांच्या बोलण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या न केल्यामुळेच पुष्कळ गैरसमज होतात.

पहिली गोष्ट म्हणजे धंद्याची परिभाषा. कातकाम करणाऱ्या यंत्रावर जो लोखंडाचा तुकडा लावावयाचा त्यास ‘जॉब’ म्हणतात. यंत्र जुळविणारा तो ‘सेटर’. मापात न बसलेला माल ‘रिजेक्ट’. पुन्हा दुरुस्त करावयाचा तो ‘रिवर्क’. ही नेमक्या अर्थाची कामाची भाषा आहे. सोनार, सुतार, विणकर ह्यांचीही अशी भाषा असतेच; तीस कोणी भ्रष्ट म्हणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रादेशिक बोली. लातूर-नांदेडकडचा तरुण ‘काय करायलास?’ असे विचारतो, तेव्हा तो चुकत नसून आपल्या बोलीचे व्याकरण पाळत असतो. ‘वेडा’ चे ‘येडा’, ‘वेळ’ चे ‘येळ’, ‘विषय’ चे ‘इषय’ हे उच्चारही बोलींतील ठराविक ध्वनिनियमांस धरून आहेत : शब्दारंभीच्या ‘वे’ चा ‘ये’ आणि ‘वि’ चा ‘इ’ होणे हे अनेक ग्रामीण बोलींत सर्रास आढळते.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्यास इंग्रजीत स्लँग म्हणतात ती, आणि प्रस्तुत लेखात जिला तरुणबोली म्हटले आहे ती. तिच्यातील शब्द वस्तूचे नाव सांगण्यासाठी क्वचितच लागतात. त्या वस्तूसाठी दुसरा शब्द बहुधा उपलब्ध असतोच. ‘उत्तम’ हा शब्द असताना ‘वाढीव’ का म्हणावयाचे? कारण ‘वाढीव’ म्हणणारा केवळ वस्तूची स्तुती करीत नाही, तर आपण कोणत्या मंडळीतले आहो हेही सांगतो. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे ह्यांनी १९७६ साली ‘प्रतिभाषे’संबंधी लिहिताना हीच गोष्ट दाखविली होती. त्यांच्या विवेचनाचा एक आधार भक्तिप्रसाद मल्लिक ह्यांनी कलकत्त्याच्या गुन्हेगारी जगाच्या भाषेचा केलेला अभ्यास हा होता. अशा भाषांत ज्या गोष्टी मंडळीस महत्त्वाच्या वाटतात त्यांच्यासाठी एकाऐवजी अनेक शब्द साचतात, असे हॅलिडे ह्यांचे निरीक्षण आहे. ह्या पट्ट्यातील तरुणांचे गुन्हेगारीशी काही नाते आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु निरीक्षण येथेही लागू पडते. ‘भारी’, ‘कडक’, ‘वाढीव’, ‘जबराट’, ‘चाबूक’, ‘नाद खुळा’ एवढे शब्द केवळ ‘उत्तम’ ह्या एका अर्थाभोवती जमले आहेत.

४. जुने शब्द, नवे अर्थ

तरुणबोलीतील शब्दांचे उगम पाहू लागले म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की त्यातील बरेचसे शब्द नवे नाहीतच. नवा आहे तो अर्थ.

‘राडा’ म्हणजे मूळचा चिखल, घाण. त्यावरून गोंधळ, पसारा; आणि त्यावरून मारामारी. ‘झोल’ म्हणजे ताणलेल्या कापडास वा दोरीस पडलेला सैलपणा. हिशेबात वा व्यवहारात जे ताठ असावयास हवे ते सैल पडले, की तोही ‘झोल’ झाला. ‘भारी’ हा शब्द वजनावरून किमतीवर आला, म्हणून भारी शालू. आणि किमतीवरून गुणावर. ‘कडक’ ची वाटचाल कठीण, मग शिस्तीचा, मग कडक चहा, आणि शेवटी नुसतेच ‘कडक!’ अशी झाली. ‘नाद’ हा संस्कृतात ध्वनी. मराठीत छंद, आसक्ती. आणि तरुणबोलीत ‘नाद करणे’ म्हणजे एखाद्याच्या वाटेस जाणे, त्याच्याशी स्पर्धा मांडणे. ‘वाढीव’ हा शब्द तर थेट सरकारी कागदांतला : वाढीव दर, वाढीव भत्ता. ‘कोरीव’, ‘रेखीव’, ‘आखीव’ ह्यांतील प्रत्ययच त्यात आहे. जे नेहमीच्या मापापेक्षा अधिक ते वाढीव; तेव्हा अजब आणि उत्तम ह्या दोन्ही अर्थी तो शब्द चालू लागला.

असे अर्थांतर ही काही आजच्या तरुणांची खोड नव्हे. धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बलात्काराने केलेला अपराध; मराठीत तो धैर्याचा पर्याय झाला. ‘फक्कड’ म्हणजे बेफिकीर, निःसंग मनुष्य. पण ‘फक्कड चहा’ म्हणताना कोणास त्या फकिराची आठवण होत नाही. वाईट वा भीतिदायक अर्थाचा शब्द स्तुतीसाठी वापरणे हेही नवे नाही. आज ‘खतरनाक’ म्हणून एखाद्या गाण्याची तारीफ होते. मागील पिढ्यांस तेच गाणे ‘भयंकर आवडले’ असते. इंग्रजीतील ‘टेरिफिक’ ह्या शब्दाचेही असेच झाले.

नवे शब्द घडविण्याची रीतही परंपरागतच आहे. ‘भन्नाट’, ‘सुसाट’, ‘सैराट’ ह्या शब्दांतील ‘आट’ हा अंत्यभाग मराठी कानास वेग आणि बेबंदपणा सुचवितो. २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटातील एका गीतामुळे ‘झिंगाट’ हा शब्द महाराष्ट्रभर पसरला. तो ‘झिंगणे’ ह्या जुन्या क्रियापदावरून आलेला आहे. त्याच साच्यात फार्सी ‘जबरदस्त’ चा आरंभ घालून ‘जबराट’ सिद्ध झाला. ज्या तरुणास व्याकरणातील प्रत्ययप्रकरण पाठ नाही, तोही हा साचा अचूक वापरतो, ह्यातच त्या साच्याचे जिवंतपण दिसून येते.

५. बोलींचे देणे आणि मुंबईची परतफेड

दुसरा उगम प्रादेशिक बोलींचा. पण बोलींतील सर्वच गोष्टी तरुणबोलीत सारख्या प्रमाणात येत नाहीत. ‘करायलास’ सारखी क्रियारूपे शहरात हास्यास्पद ठरविली जातात आणि नवागत तरुण ती लवकरच टाकतो. याउलट संबोधने आणि विशेषणे टिकतात, एवढेच नव्हे तर ती दुसऱ्या प्रदेशांतील मुलेही उचलतात. कोल्हापूरकडचे ‘भावा’, ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘काटा किर्र’, विदर्भ-सोलापूरकडचा ‘बे’, खानदेशचा ‘भो’. ह्यांतील ‘भावा’ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘देव’ चे संबोधन ‘देवा’, तसेच ‘भाऊ’ चे सामान्यरूप ‘भावा’ आणि संबोधनही ‘भावा’. पुणेरी शिष्ट बोलण्यात ‘अरे भाऊ’ असे अविकृत रूप वापरण्याची सवय जडल्यामुळे व्याकरणशुद्ध ‘भावा’ गावठी वाटू लागला, आणि आता तोच तरुणांचा आवडता झाला आहे.

ग्रामीण उच्चारांचेही तसेच. ज्यास ‘विषय’ नीट उच्चारता येतो तो मुद्दाम ‘इषय’ म्हणतो. ह्याचा उलगडा लबॉव्ह ह्यांच्या १९६३ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासावरून होतो. अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावर उन्हाळी पाहुण्यांची गर्दी होऊ लागली, तेव्हा बेटावरच राहू इच्छिणारे तरुण तेथील जुने स्वरोच्चार अधिक ठळकपणे करू लागले. उच्चार हा तेथे अज्ञानाचा पुरावा नव्हता. तो एक पक्ष घेणे होते. बीडहून वा परभणीहून येऊन ज्याने आपल्या बोलीबद्दल हसू ऐकलेले आहे, त्याला त्याच बोलीतील एखादा शब्द सर्वांच्या तोंडी प्रतिष्ठेने ऐकू आला, तर त्यास काय वाटत असेल हे समजण्यास भाषाशास्त्राचीही गरज नाही.

तिसरा उगम मुंबईच्या हिंदीचा मानला जातो. चित्रपटांतून आलेली हिंदी मराठी तरुणांची भाषा बिघडविते, ही तक्रार जुनी आहे. परंतु ज्यांबद्दल तक्रार होते त्यांतील पुष्कळ शब्द मुळात मराठीच आहेत. ‘वाट लागणे’, ‘झकास’, ‘राडा’, ‘बिनधास्त’ हे शब्द मुंबईत मराठीतून हिंदीत गेले, चित्रपटांनी ते देशभर नेले आणि आता ते पडद्यावरून परत येत आहेत. घरचाच मुलगा परगावी जाऊन नवा वेष करून आला म्हणून त्यास पाहुणा समजावे, तसे हे झाले आहे.

६. कारखाना, मैदान आणि दूरध्वनी

इंग्रजी शब्दांचा ओघ तीन वाटांनी येतो. पहिली वाट कारखान्याची. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी ‘पाळी’, ‘खाडा’, ‘बदली’ हे शब्द रूढ केले होते. पिंपरी-चाकणच्या कामगारांच्या तोंडी त्यांच्या जोडीस ‘शिफ्ट’, ‘ओटी’, ‘ब्रेक’, ‘परमनंट’ हे शब्द आले. त्यांत ‘ब्रेक’ ह्या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याची सेवा एक वर्षाची सलग सेवा मानली होती. तात्पुरत्या कामगारास सुमारे सात महिने ठेवून ह्या मर्यादेच्या आत त्याची सेवा खंडित करावयाची, अशी रीत पट्ट्यात रूढ झाली. तो खंड म्हणजे ‘ब्रेक’. इंग्रजीत ह्या शब्दाने विश्रांती सुचते, येथे बेकारी. ‘परमनंट’ हा शब्दही कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला आहे. विवाह जुळविताना मुलगा ‘परमनंट’ आहे काय, हे विचारले जाते, आणि विचारणारास त्याचा अर्थ विशद करून सांगावा लागत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. कारखान्यात एखादा शब्द आहे आणि तरुणबोलीतही आहे, एवढ्यावरून एक दुसऱ्यापासून निघाला असे ठरत नाही. ‘सेटिंग’ म्हणजे यंत्राची जुळणी. तरुणबोलीत ‘सेटिंग’ म्हणजे आतून केलेली व्यवस्था किंवा जुळलेले प्रेमसंबंध. दुसरा अर्थ जेथे यंत्र नाही अशा गावांतही आणि हिंदीतही चालतो. तेव्हा तो ह्या पट्ट्यात जन्मला असे म्हणता येत नाही. तीच गोष्ट ‘लोड’ ची. फार तर असे म्हणावे, की यंत्रावरील भार रोज पाहणाऱ्याच्या तोंडी ‘लोड घेऊ नको’ हे शब्द अधिक भरीव होतात. लौकिक व्युत्पत्ती ही ऐकावयास नेहमी गोड असते. म्हणूनच ती तपासून घ्यावी.

दुसरी वाट मैदानाची. ‘फिल्डिंग लावणे’, ‘विकेट पडणे’, ‘गुगली टाकणे’ हे क्रिकेटचे वाक्प्रचार शत्रू-मित्रांच्या डावपेचांस लागू झाले आहेत. तिसरी आणि सर्वांत नवी वाट हातातील दूरध्वनीची. तिने जगाच्या पाठीवरील तरुणांचे शब्द एकाच वेळी सर्वत्र नेले. २०२३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला ‘रिझ’ हा ‘करिझ्मा’ ह्या शब्दाचा मधला तुकडा आहे. तो इंग्रजीत रुळतो न रुळतो तोच महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही पोहोचला. ‘कूल’ हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बोलण्यातून जगभर गेला. ज्यांस समाजाने दूर ठेवले त्यांची भाषा पुढे समाजातील सर्व तरुणांची भूषा व्हावी, ही घटना अनेक देशांत घडलेली आहे.

ह्या सर्व इंग्रजी शब्दांस मराठीत येताच मराठीचे कायदे पाळावे लागतात. ‘पाळी’ स्त्रीलिंगी, म्हणून की काय, ‘शिफ्ट’ ही स्त्रीलिंगी. ‘ओळ’ आणि ‘रांग’ ह्यांप्रमाणे ‘लाईन’ ही तशीच. ‘मशीन’ चे ‘मशिनीवर’ होते. क्रियापदांच्या बाबतीत तर मराठीने एक जुनेच अवजार काढले आहे. ‘गप्पा मारणे’, ‘थापा मारणे’, ‘हाक मारणे’, ‘फेरफटका मारणे’ ह्या रचना पूर्वापार आहेत. त्यांच्याच शेजारी ‘वेल्डिंग मारणे’, ‘बंक मारणे’, ‘कट मारणे’, ‘शायनिंग मारणे’ येऊन बसले. शब्द परका, पण त्यास चालविणारे चाक घरचे.

७. गुप्ततेची परंपरा

काही शब्द समजू नयेत म्हणूनच योजलेले असतात. त्याचीही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. कापडाचे व्यापारी व दलाल गिऱ्हाइकासमोर भाव ठरविताना नंदभाषा वापरीत : अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. मोल्सवर्थ ह्यांच्या कोशाने तिची दखल घेतली आहे. मुलांची ‘च’ ची भाषा, जीत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी ‘च’ लावतात, ती घरोघरी माहीत आहे. फ्रान्समधील तरुणांची ‘व्हेर्लां’ ही बोली ह्याच तत्त्वावर, शब्दांतील अवयव उलटे करून, बनते. तिचे नावही ‘उलट’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे अवयव उलटून झाले आहे.

पट्ट्यातील तरुणबोलीत गुप्ततेचे काम पुष्कळदा इंग्रजी आद्याक्षरे करतात. ‘वाय झेड’ ही दोन अक्षरे एका ग्राम्य शिवीवर घातलेले पांघरूण आहे. २०१६ मध्ये ह्याच नावाचा मराठी चित्रपट आला, त्यावरून पांघरुणाचे काम किती चोख झाले हे दिसते. मूळ शिवी ज्यांच्या तोंडी कधीही येणार नाही, तेही ही अक्षरे निःशंकपणे उच्चारतात.

८. शुद्धतेचा प्रश्न

परकीय शब्दांबद्दलची चिंता मराठीत प्रत्येक मोठ्या स्थित्यंतराच्या वेळी व्यक्त झाली आहे. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने राजव्यवहारकोश रचला गेला आणि त्यात फार्सी राजकीय शब्दांस संस्कृत पर्याय देण्यात आले. माधवराव पटवर्धन ह्यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. म्हणजे परकीय शब्दांचा कसून अभ्यास आणि त्यांचा त्याग ह्या दोन्ही गोष्टी एकाच विद्वानाच्या हातून झाल्या. ही चिंता क्षुद्र नव्हती. राज्यकारभार, विज्ञान, न्याय ह्या क्षेत्रांत भाषेने स्वतःचे शब्द घडवावे हे योग्यच आहे, आणि तेथे आळस केल्यास भाषा दुबळी होते.

परंतु ती कसोटी टपरीवरील बोलण्यास लावणे हे प्रमाणाचे भान सुटणे होय. ‘कारखान्यातल्या मेस्त्रीचा पगार झाला’ ह्या वाक्यात कोणास काही वावगे दिसत नाही. त्यातील ‘कारखाना’ फार्सी आहे, ‘मेस्त्री’ आणि ‘पगार’ पोर्तुगीज आहेत. चार-पाचशे वर्षांच्या वापराने त्यांचे परकेपण गेले. ‘शिफ्ट’ चे जाईल की नाही हे काळ ठरवील. बहुतेक तरुणशब्द तर एका पिढीतच विरतात. ‘बेष्ट’ म्हणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे आणि तिच्या नातवंडांस तो शब्द जुनाट वाटतो. भाषेचा तोल ह्या शब्दांनी जात नाही. तो जातो तेव्हा, जेव्हा तरुणास ह्या बोलीखेरीज दुसरी भाषा उपलब्धच करून दिली जात नाही. ज्यास मित्रांत ‘विषय संपला’ म्हणता येते आणि अर्ज लिहिताना ‘प्रकरण निकाली निघाले’ असेही लिहिता येते, त्याची मराठी अधिक समृद्ध आहे. दुसरे शिकविण्याची जबाबदारी शाळेची; ती पार न पडल्याचा दोष पहिल्यावर टाकणे न्यायाचे नाही.

९. ‘भावा’ आणि ‘भय्या’

तरुणबोलीची तक्रार करावयाचीच असेल तर ती अन्यत्र आहे. ज्या बोलीने मंडळी जोडावयाची, तीच बोली कुंपणही घालते. तरुण स्त्रीस ‘माल’ किंवा ‘आयटम’ म्हटले जाते. हे दोन्ही शब्द गोदामाच्या नोंदवहीतले आहेत, आणि त्यांत निर्जीव वस्तूचा भाव आपोआप येतो. कारखान्यांतील जुळणीच्या कामावर आज तरुणीही आहेत. तेव्हा हे शब्द ज्यांच्याविषयी बोलले जातात त्यांच्याच कानांवर ते रोज पडतात.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. संस्कृत ‘भ्रातृ’ ह्या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत ‘भाऊ’ आला आणि हिंदीत ‘भैया’. दोन्ही शब्दांचे कुल एक आणि अर्थही एक. परंतु पट्ट्यातील टपरीवर ‘भावा’ म्हणजे आपला माणूस, आणि ‘भय्या’ म्हणजे उत्तरेकडून आलेला, परका, बहुधा कमी लेखण्याजोगा माणूस. दोघेही घर सोडून आलेले असतात, दोघेही त्याच ठेकेदाराकडे असतात आणि दोघांनाही तोच ‘ब्रेक’ बसतो. भाषेने एकास भाऊ म्हणून आत घेतले आणि दुसऱ्यास भाऊ ह्याच शब्दाने बाहेर ठेवले. मराठीच्या शुद्धतेची काळजी करणाऱ्यांनी ‘लोड’ आणि ‘शिफ्ट’ ह्यांपेक्षा ह्या अस्सल देशी शब्दाकडे अधिक लक्ष द्यावे. शब्दाचा जन्म कितीही शुद्ध असला तरी त्याचा उपयोग शुद्ध असेलच असे नाही.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. पट्ट्यातील तरुणबोली ही मराठीवर झालेली स्वारी नाही. तिचे बहुतेक शब्द मराठीचे, तिच्या रचना मराठीच्या आणि अर्थ बदलण्याच्या तिच्या रीती मराठीच्या जुन्याच आहेत. जे नवे आहे ते सामाजिक आहे : ठिकठिकाणांहून आलेल्या आणि नोकरीची शाश्वती नसलेल्या तरुणांस एकमेकांत आपलेपणाची जागा हवी आहे, आणि ती त्यांनी शब्दांनी तयार केली आहे. कारखान्यात जो सात महिन्यांचा पाहुणा असतो, तो टपरीवर मात्र ‘भावा’ असतो.

ह्या शब्दांचे आयुष्य थोडे असल्यामुळे त्यांची नोंद वेळीच होणे अगत्याचे आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने संस्कृतातून व्युत्पत्ती न लागणारे शब्द ‘देशीनाममाले’त एकत्र केले, त्या शब्दांस तत्कालीन पंडितांत प्रतिष्ठा होती म्हणून नव्हे, तर ते लोकांच्या तोंडी होते म्हणून. आज भाषेच्या इतिहासकारास त्या ग्रंथावाचून चालत नाही. पट्ट्यातील शब्द टिपताना नुसता अर्थ लिहून भागणार नाही. शब्द कोणत्या वर्षी ऐकला, कोठे ऐकला, बोलणारा मूळचा कोणत्या जिल्ह्याचा, तो कोणास उद्देशून बोलला आणि कोणाविषयी बोलला, ह्या पाच गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. त्यांतील शेवटच्या दोन वगळल्या, तर ‘भावा’ आणि ‘भय्या’ ह्यांच्यासमोर कोशात ‘बंधू’ हा एकच अर्थ लिहिला जाईल. आणि तो अर्थ व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असूनही चुकीचा असेल.